स्पायडर बॉल पायथनचे डोके का डुलते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमचा स्पायडर बॉल पायथन दोन वर्षांचा आहे. घर बदलल्यापासून त्याचे डोके सारखे थरथरते आणि मधूनच मान पिळल्यासारखी होऊन तोंड उलटे होते. घरबदलाच्या ताणामुळे त्याला हा आजार जडला का? (एक वाचक, लंडन)

उत्तर : वर्णनावरून हा या रंगप्रकाराचा ओळखीचा दोष वाटतो, आणि तसे असेल तर तो घरबदलाने जडलेला नाही, तो जन्मापासूनच होता, आता डोळ्यांना दिसू लागला एवढेच. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. त्याचा अंगावर काळ्या रेघांची बारीक जाळी असलेला 'स्पायडर' हा रंगप्रकार १९९९ च्या सुमारास अमेरिकेतील सापांची पैदास करणाऱ्यांकडे आला आणि तिथून जगभर पसरला. ही नक्षी आणि तोलाचा दोष एकाच वारशाने येतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सूक्ष्म सीटी स्कॅन करून असे दाखवले गेले की, या सापांच्या आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका आणि तोल सांभाळणारी पिशवी यांची घडणच बिघडलेली असते. डोके कुठे आणि कसे वळले आहे याची खबर मेंदूला नीट पोहोचत नाही, म्हणून डोके इकडून तिकडे डुलते.

मग ताणाचा संबंध कुठे येतो? साप निवांत असतो तेव्हा त्याचे पोट जमिनीला टेकलेले असते, हालचाल संथ असते आणि स्पर्शाच्या आधारावर त्याचे निभावून जाते. तो दचकला, भुकेने सावध झाला किंवा अनोळखी हातात आला की डोके उचलून वेगाने हालचाल करतो, आणि नेमका तिथेच तोल लागतो. त्यामुळे साप महिनोन्‌महिने स्थिर दिसला म्हणजे तो बरा झाला असे समजू नये, आणि डुलणे वाढले म्हणून स्वतःला दोषही देऊ नये.

प्रश्न : पेटीत काय बदल करावेत?

उत्तर : उष्ण बाजू ३१ ते ३२ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५ ते २७ अंश आणि आर्द्रता साधारण ६० टक्के ठेवावी. उष्णतेच्या साधनाला थर्मोस्टॅट हवाच, कारण अति उष्णतेने निरोगी सापालाही झटके येऊ शकतात आणि मग मूळ दोष कोणता हेच कळेनासे होते. दोन्ही बाजूंना अंग घासेल इतकी अरुंद लपण्याची जागा द्यावी. चहूबाजूंनी अंगाला आधार लागला की हा साप शांत होतो. उंच फांद्या काढून टाकाव्यात, कारण पडताना त्याला स्वतःला सावरता येत नाही. हाताळताना संपूर्ण शरीराला खालून आधार द्यावा, आणि खाल्ल्यानंतर किमान दोन दिवस त्याला अजिबात हात लावू नये.

प्रश्न : उंदीर समोर धरला की आमचा साप झेप चुकवतो आणि नंतर खातच नाही. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : चुकलेल्या झेपेनंतर त्याच्याकडे बारकाईने पाहा: मान स्क्रूसारखी फिरते, तोंड भक्ष्याच्या बाजूने निसटून जाते आणि प्रत्येक चुकीबरोबर उत्तेजना वाढून डुलणेही वाढते. म्हणून चिमट्यात धरून भक्ष्य नाचवू नये. गोठवलेला उंदीर पूर्ण विरघळवून, कोमट करून, संध्याकाळी लपण्याच्या जागेच्या तोंडाशी ठेवावा आणि दिवा मालवून खोलीबाहेर जावे. जिवंत उंदीर तर मुळीच देऊ नये. नेम चुकणाऱ्या सापाला तो कुरतडून जखमी करतो.

प्रश्न : हे दुसऱ्या एखाद्या आजाराचे लक्षण असू शकते का?

उत्तर : हो, आणि ही शंका घेणे योग्यच आहे. पूर्वी स्थिर असलेला साप काही दिवसांत झपाट्याने बिघडला, आकाशाकडे पाहत राहू लागला किंवा उलटा केल्यावर सुलटा होईना, तर विषाणूजन्य इन्क्लुजन बॉडी डिसीज, डोक्याला मार किंवा गोचिडांवर मारलेल्या फवाऱ्याची विषबाधा, यांपैकी काहीही असू शकते. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाला लगेच दाखवावे, आणि तोवर तो साप घरातील इतर सापांपासून वेगळा ठेवावा. जाताना रोजच्या तापमानाच्या नोंदी आणि डुलण्याची चित्रफीत सोबत न्यावी, कारण दवाखान्यात साप अनेकदा वेगळाच वागतो.

प्रश्न : आमची मादी जेमतेम डुलते. तिची पिल्ले घ्यावीत का?

उत्तर : माझे स्पष्ट मत आहे की घेऊ नयेत. हे जनुक प्रभावी, म्हणजे एकाच पालकाकडून आले तरी परिणाम दाखवणारे, असल्याने साध्या नराबरोबरही सरासरी निम्म्या पिल्लांना ते मिळते, आणि आईचा दोष सौम्य असला तरी पिल्लांचा तसाच राहील याची खात्री नसते. एखादे पिल्लू इतके डुलते की त्याला खाताही येत नाही. ब्रिटनमधील इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटी या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हौशींच्या संस्थेने आपल्या मेळाव्यांत या सापांची विक्री बंद केली ती याच कारणाने. तुमच्याकडे असलेल्या मादीला मात्र शांत पेटी आणि वेळच्या वेळी खाणे मिळाले, तर तिचे आयुष्य चांगले जाऊ शकते. तिला नरासोबत एका पेटीत ठेवू नका.