दगडासाठी टॉप-अप कर्ज घ्यावं का?

दर सहा वर्षांनी बाहेरच्या रंगाचा खर्च नको, म्हणून घराला चारही बाजूंनी २० मिलिमीटर ग्रॅनाइट लावून कायमचं मोकळं व्हायचं, असा तुमचा विचार आहे. दगडाचा अंदाज एका रंगकामाच्या आठपट आला आहे आणि त्यासाठी ९ टक्के दराने १५ वर्षांचं टॉप-अप कर्ज (चालू गृहकर्जावर मिळणारं वाढीव कर्ज) घ्यावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

घेऊ नका.

एका रंगकामाचा खर्च एक हिस्सा धरा, म्हणजे दगडाचे आठ हिस्से. १५ वर्षांत त्यावर साडेसहा हिस्से नुसतं व्याज जाईल. मुद्दल धरून साडेचौदा. तेवढ्या काळात रंग तीनदा द्याल: आत्ता, सहाव्या आणि बाराव्या वर्षी. मजुरी वाढून पुढची दोन्ही रंगकामं दुप्पट महाग झाली तरी एकूण पाचच हिस्से होतात.

शिवाय दगड लावला की खर्च संपतो, हेही खरं नाही. सांध्यांतलं सीलंट काही वर्षांनी तडकतं, पाणी आत शिरतं, पृष्ठभागावर पांढरा लोणा येतो. दगडामागची गळती शोधायला दगडच काढावा लागतो, आणि परांचीचा खर्च दर वेळी नव्याने. शिकागोची अमोको इमारत १९७३ च्या सुमारास इटलीतल्या करारा संगमरवराने मढवली होती. ऊन-थंडीने पातळ फरशा वाकल्या, त्यांची ताकद घटली आणि १९९० ते ९२ मध्ये सुमारे ४३ हजार फरशा काढून ग्रॅनाइट लावावा लागला. तुम्ही ग्रॅनाइट निवडलात हे बरं केलंत, तो तसा वाकत नाही. पण त्याला धरून ठेवणारा चिकटा किंवा क्लॅम्प (दगड पकडणारा धातूचा चिमटा) निकामी झाला तर चांगला दगडही खाली येतो.

वजनही बघा. २० मिलिमीटर ग्रॅनाइट चौरस मीटरला सुमारे ५४ किलो भरतो. १०० चौरस मीटर भिंतीवर जवळपास साडेपाच टन. वरच्या मजल्यावरून फरशी कुणाच्या अंगावर पडली तर होणारं नुकसान कुठल्याच हिशेबात बसत नाही. या एका बाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही: उंचीवर दगड लावायचाच तर स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पवर, ड्राय क्लॅडिंग पद्धतीने (म्हणजे सिमेंट-चिकट्याने न चिकटवता धातूच्या आधारावर बसवून), आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने भिंत तपासून लेखी दिल्यावरच. तुमच्या अंदाजात क्लॅम्पचा उल्लेखच नाही, म्हणून मला काळजी वाटते.

विकताना दगडाचे पैसे वसूल होतील यावरही विसंबू नका. घेणारा आधी जागा आणि क्षेत्रफळ बघतो. भिंतीला ओल दिसली की मात्र लगेच भाव पाडतो.

दगडाची हौस मला समजते, घराला तो शोभतोही. दर्शनी भिंतीला, जमिनीपासून कमरेच्या उंचीपर्यंत लावा. पावसाचे शिंतोडे आणि धक्के तिथेच जास्त लागतात, म्हणून दगडाचा खरा उपयोगही तिथेच. हा खर्च बचतीतून करा, पण सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून जे उरेल त्यातूनच. बाकीच्या भिंतींची गळती आधी काढून घ्या, मग रंग द्या. दर्शनी भागाचा वेगळा अंदाज मागवा. त्यात दगड, क्लॅम्प किंवा चिकटा, सीलंट, मजुरी आणि परांची यांचे आकडे सुटे लिहून घ्या आणि मला पाठवा.