सॅफ (दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ) फुटबॉल स्पर्धा कधी सुरू झाली आणि भारताने ती किती वेळा जिंकली?

१९९३ साली लाहोरला सुरू झाली आणि २०२३ पर्यंतच्या १४ स्पर्धांपैकी ९ भारताने जिंकल्या: १९९३, १९९७, १९९९, २००५, २००९, २०११, २०१५, २०२१ आणि २०२३. काही याद्यांमध्ये आकडा कमी दिसू शकतो तो वेगळ्या नावामुळे आणि स्वरूपामुळे. पहिल्या वेळी ही स्पर्धा ‘सार्क गोल्ड कप’ होती, चारच संघ साखळीत खेळले आणि अंतिम सामना झालाच नाही, म्हणून फक्त अंतिम सामने मोजणाऱ्यांकडून १९९३ सुटतं. १९९९ चं विजेतेपद तर आपल्या शेजारी, मडगावच्या फातोर्डा मैदानावर बांगलादेशला २-० हरवून मिळालं. २०२३ ला बंगळुरूत कुवेत पाहुणा संघ म्हणून आला होता. त्याच्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात १-१ बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटमध्ये पहिल्या पाच-पाच किकनंतरही निकाल लागेना, तेव्हा भारताच्या महेशसिंगने गोल केला आणि लगेच गोलरक्षक गुरप्रीतने कुवेतच्या कर्णधाराची किक अडवली. स्पर्धेतला सर्वांत थरारक शेवट माझ्या मते हाच.

एक मात्र लक्षात ठेवा: ९ विजेतेपदं म्हणजे एकतर्फी वर्चस्व नव्हे. श्रीलंकेने १९९५ ला, मालदीवने २००८ आणि २०१८ ला, अफगाणिस्तानने २०१३ ला भारताला अंतिम सामन्यातच हरवलंय, आणि २००३ ला बांगलादेश जिंकला तेव्हा भारत अंतिम फेरीतही नव्हता. महिलांची सॅफ स्पर्धा वेगळी आहे, ती २०१० पासून होते. ती या आकड्यात धरलेली नाही.