पत्रकं वाटण्याआधी

प्रिय बाळ,
प्रभूमध्ये सलाम.

वाकडच्या तुझ्या सोसायटीत नाताळाआधी दारोदार पत्रकं वाटावीत का, असं विचारलंस. नको. वॉचमन हटकेल म्हणून नव्हे; ज्यांची नावंही तुला ठाऊक नाहीत त्यांच्या दाराखालून तारणाचा संदेश सरकवून निघून येणं मला पटत नाही.

१८९० साली पुण्याच्या गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याचा ठपका लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांवर आला, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. आज तुझ्या घरचा चहा कुणी नाकारणार नाही. आता मनात येतं ते वेगळंच: 'हा इतका करतोय, याला हवंय तरी काय?' संविधानाच्या कलम २५ ने धर्मप्रसाराचा हक्क दिलाय खरा, पण हक्क सांगून हा संशय फिटत नाही.

गणपतीचे दहा दिवस हा तुझा खरा पेच. 'आरतीला मी उभा राहत नाही' हे आढेवेढे न घेता सांग. पण मंडपात खुर्च्या मांडायला, विसर्जनानंतर वायरी गुंडाळायला तू हजर हवास. आपल्यातले काही जण नेमके त्याच दिवसांत गावी जातात. मला तो पळपुटेपणा वाटतो.

शेजारच्या काकूंना दवाखान्यात नेलंस, तर रिक्षात येशूचं नाव काढू नकोस. अशा वेळी माणसाला नाही म्हणता येत नाही. त्या घरी आल्या, जरा सावरल्या, की 'तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?' एवढंच विचार. आणि कृपा करून रविवारी मंडळीत, चर्चमधल्या सगळ्यांसमोर, त्यांच्या आजाराची साक्ष देऊ नकोस.

कुणी आपणहून विचारलं तर मात्र गप्प बसू नकोस. आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने, असं येशूचा शिष्य पेत्र बायबलातल्या त्याच्या पहिल्या पत्रात सांगतो. आपण एकतर 'सगळे देव सारखेच' म्हणून वेळ मारून नेतो, नाहीतर उपदेशाच्या सुरात शिरतो. ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्त अभंगांतून गायला, कारण ऐकणाऱ्यांचे कान अभंगावरच तयार झाले होते. तू तुझ्या गेलेल्या नोकरीबद्दल बोल. त्या महिन्यांत कशाच्या आधारावर उभा होतास ते सांग. तुझ्या मजल्यावर अर्ध्या घरांना ती धास्ती आहे.

नाताळाच्या डब्यात करंज्या आणि केकच असू दे, बायबलच्या वचनाची चिठ्ठी नको. चर्चला बोलावलंस तर 'छोटासा कार्यक्रम आहे' म्हणू नकोस. उपासना आहे, उपदेश होईल, जेवण नंतर आहे, असं सरळ सांग.

तुझा,
काका