लग्नाच्या डीव्हीडीची कॉपी ६३ टक्क्यांवर अडकते आणि फोनमधल्या व्हिडिओंची डिस्क प्लेयरवर चालत नाही, काय करू?

तुम्ही एका प्रश्नात दोन दुखणी सांगितलीत. २००६ सालची लग्नाची डीव्हीडी दर वेळी ६३ टक्क्यांवर अडकते, हे वाचण्याचं दुखणं. आणि फोनमधले एमपी४ व्हिडिओ टाकून बनवलेली दुसरी डिस्क आईंच्या जुन्या प्लेयरवर चालत नाही, हे लिहिण्याचं. दोन्हींवर नवनवी सॉफ्टवेअरं हा एकच उपाय करत बसलात तर महिना जाईल.

लालबागला एका व्हिडिओ शूटिंगवाल्याकडे तीन लग्नसराया मी डिस्क मारायचं काम केलंय. तिथला पहिला नियम: डिस्कवरून थेट डिस्कवर कॉपी मारायची नाही. आधी हार्ड डिस्कवर आयएसओ फाइल (म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल) काढायची, ती व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये चालवून बघायची, मग कोऱ्या डिस्कवर राइट करायचं. इम्गबर्न हे सॉफ्टवेअर जुनं आणि फुकट आहे, आयएसओ काढणं आणि राइट करणं ही दोन्ही कामं करतं.

आता ते ६३ टक्के. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. एका थराची डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर ६३ टक्के म्हणजे बाहेरच्या कडेपासून साधारण सव्वा सेंटिमीटर आत. आपण डिस्क धरतो ती तिथेच. वीस वर्षांचे बोटांचे ठसे, त्यात मुंबईचा पावसाळा आणि बंद कपाट. डिस्क तिरकी धरून उजेडात बघा. डाग असतील तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून धुवा आणि मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल पुसताना पडलेला ओरखडा डेटाच्या रेषेबरोबर धावतो, आणि तो भरून काढणं ड्राइव्हला जड जातं. थिनर, पेट्रोल वगैरे प्रयोग नकोत.

तरीही अडकली तर वाचायचा वेग कमीत कमी करा. त्यानेही भागलं नाही तर दुसऱ्या कोणाचा तरी ड्राइव्ह मागून आणा, डेस्कटॉपचा जुना मोठा असेल तर उत्तमच. एकाने नाकारलेली डिस्क दुसरा मुकाट वाचतो, हे मी अनेकदा पाहिलंय. यूएसबीचा बाहेरचा रायटर असेल तर हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा. वीज कमी पडली की तो मध्येच मान टाकतो. शेवटचा उपाय म्हणून लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर. ते खराब जागा सोडून पुढे जातं आणि नंतर पुन्हा तिथे येऊन प्रयत्न करतं. मंगलाष्टकांत दोन सेकंद चौकोन दिसतील, पण बाकीचं लग्न हाती लागेल.

(विकतच्या सिनेमाची डिस्क असती तर गोष्ट वेगळी. तिथे मुद्दाम कुलूप घातलेलं असतं, आणि हक्क मोडण्याच्या हेतूने ते तोडणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ खाली गुन्हा आहे.)

दुसऱ्या डिस्कचं कारण तुमच्या प्रश्नातच आहे. एमपी४ फाइल नुसती डिस्कवर टाकली की ती डेटा डिस्क झाली. कॉम्प्युटर ती वाचतो, आईंचा प्लेयर नाही. त्याला व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर हवा आणि त्यात एमपेग-२ मधला व्हिडिओ, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६. डीव्हीडीस्टायलर नावाचं सॉफ्टवेअर हे रूपांतर करून देतं. डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असलं तरी विंडोजच्या हिशेबात कोऱ्या डिस्कवर ४.३८च मावतात, त्यामुळे काठोकाठ भरू नका. शेवटी डिस्क फायनलाइझ झाली, म्हणजे लिहिणं संपवून ती बंद झाली, की नाही तेही बघा.

लिहायचा वेग ४ किंवा ८ एक्स ठेवा. एकदा दिवाळीआधी घाईघाईत मी पंचवीस डिस्का १६ एक्सने मारल्या. दुकानातल्या कॉम्प्युटरवर सगळ्या पास, आणि लोकांच्या घरून अकरा परत. लिहून झाल्यावर सॉफ्टवेअर जी ‘व्हेरिफाय’ तपासणी करतं तिचा अर्थ एवढाच की ज्या ड्राइव्हने लिहिलं त्याला स्वतःचं अक्षर लागतं. म्हणून पहिली डिस्क घरच्या प्लेयरवर चालवून बघा, मगच पुढच्या मारा. कोऱ्या डिस्क लॅमिंग्टन रोडला मिळाल्या तर सुट्ट्या नळकांड्यातल्या घेऊ नका, आणि जुन्या प्लेयरसाठी डीव्हीडी-आर घ्या. प्लस आरवर काही जुने प्लेयर रुसतात.

पण या सगळ्याआधी लग्नाची मूळ डिस्क धुऊन आईंच्या प्लेयरमध्ये घालून बघा. तिलाही प्लेयर ‘नो डिस्क’ म्हणाला तर दोष बहुधा प्लेयरच्या लेन्सचा आहे, आणि तुम्ही कितीही डिस्का मारल्या तरी तो त्या घेणार नाही.