नातवाची मॅच आणि मॅनेजरची पॉलिसी

मुलुंडहून एका वाचकाचं पत्र आलंय, खाली सही "तुमचा काका" अशी, म्हणून मी पण काकाच म्हणतो. वय ६०, जानेवारीत प्रायव्हेट कंपनीतून रिटायर. मुलगा-सून अमेरिकेत पिट्सबर्गला, नऊ वर्षांचा नातू बेसबॉलवेडा, त्यातही शोहेई ओहतानीचा भक्त. आता ओहतानी खेळतो लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून, म्हणजे पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, पण डॉजर्स वर्षातून एकदा पिट्सबर्गला येतात, तीन-चार मॅचची एकच सिरीज, आणि नातवाने व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांकडून कबूल करून घेतलंय की ती मॅच पाचही जणांनी मिळून बघायची. काकांचा प्रश्न एवढाच की ट्रिपचं बजेट सात लाख आहे, तर एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ?

एफडी मोडा. रिटायर झालेल्या माणसाने फिरायला लोन घ्यायचं नसतं, एफडी मोडायला अर्धा-एक टक्का पेनल्टी लागेल ती लागू दे. झालं, प्रश्न संपला.

पण काका, पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की "पुढच्या ट्रिपांची चिंता नाही, बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने गॅरंटीड इन्कम प्लॅन करून दिलाय, वर्षाला ५ लाख, दहा वर्षं, पन्नास भरून पंच्याऐंशी मिळणार, ७० टक्के फायदा, पहिला हप्ता गेला पण." सोबत प्रपोजल फॉर्मचे फोटो. खरं पत्र हे आहे. मॅच राहू दे बाजूला.

हा प्लॅन म्हणजे इन्शुरन्सची पॉलिसी. तिचं पाकीट कुरिअरने येऊन आज १९ दिवस झाले असं तुम्ही म्हणताय. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते, त्याला फ्री-लूक पिरियड म्हणतात, म्हणजे तुमच्याकडे ११ दिवस आहेत. कदाचित कमीच, कारण ई-पॉलिसी मेलवर बहुतेक कुरिअरच्या आधी येते आणि कंपनी ती तारीख धरेल. मेल उघडा, स्पॅम पण बघा.

आता का परत करायची ते. तुमची जमा ८० लाख: ३० लाख सिनियर सिटिझन स्कीममध्ये, ४५ लाख एफडीत, आणि ५ या पॉलिसीत. स्कीमचे ८.२ टक्क्यांनी वर्षाला अडीच लाखाच्या आतबाहेर, एफडीचे तीनेक लाख, पेन्शनचे तीसेक हजार. झाले पावणेसहा. घरखर्च तुम्हीच ४५ हजार महिना सांगताय, म्हणजे वर्षाला ५ लाख ४०. मग दर मार्चला ५ लाख हप्ता कुठून भरणार? एफडी मोडून. म्हणजे व्याज देणारा पैसा काढून अशा ठिकाणी टाकायचा जिथून ७२ व्या वर्षापर्यंत दमडी येत नाही, आणि एफडी दर वर्षी बारीक झाली की तिचं व्याज पण बारीक, म्हणजे पुढचा हप्ता अजून जड. पाचव्या-सहाव्या वर्षी तुम्ही हप्ता थांबवणार हे मी आत्ताच लिहून देतो. तेव्हा सरेंडर केलं, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केली, तर कापूनच मिळेल. नव्या नियमाने पहिल्या वर्षानंतरही थोडं परत मिळतं, पण थोडंच.

आणि तो ७० टक्के फायदा. तुम्ही वयाच्या ६० ते ६९ भरणार, ते ७२ ते ८१ दर वर्षी साडेआठ लाख देणार. सरासरी धरली तर तुमचा रुपया बारा वर्षं त्यांच्याकडे. बारा वर्षांत दामदुप्पट व्हायला किती व्याज लागतं? ढोबळ नियम असा की ७२ ला वर्षांनी भागायचं, ७२ भागिले १२, सहा टक्के. इथे दुप्पट पण नाही, १.७ पट. नीट हिशेब केला की साडेचार टक्के पडतात, तुमची एफडीच यापेक्षा जास्त देते आणि अडीअडचणीला मोडता पण येते. "टॅक्स-फ्री आहे सर" असं तो म्हणाला असेलच. वर्षाला बरोबर ५ लाखच का, कारण २०२३ पासून हप्ता त्याच्या वर गेला की टॅक्स लागतो. आणि तुमचं उत्पन्न पावणेसहा लाख, तुम्हाला मुळात टॅक्स किती बसतोय?

नातवाला विचारा, तो हे लगेच समजेल. ओहतानीचं कॉन्ट्रॅक्ट दहा वर्षांचं ७०० मिलियन डॉलरचं, डिसेंबर २०२३ मधलं, पेपरात केवढं गाजलं होतं. पण त्यातले ६८० मिलियन त्याला २०३४ ते २०४३ मध्ये मिळणार, बिनव्याजी. म्हणून लीगच्या हिशेबात ते वर्षाला ७० नाही, साधारण ४६ मिलियनच धरतात. उशिरा मिळणारा पैसा कमी किमतीचा, एवढी साधी गोष्ट. ओहतानीला थांबणं परवडतं कारण जाहिरातींचे बक्कळ पैसे आत्ता येतायत. तुम्हाला कुठली जाहिरात येतेय?

उलटं उदाहरण बॉबी बोनियाचं, हा आधी पिट्सबर्गकडूनच खेळायचा. पुढे न्यूयॉर्कच्या मेट्सना त्याचे ५.९ मिलियन द्यायचे होते, ते २००० साली न घेता त्याने लांबवून घेतले, पण ८ टक्के व्याजाने. २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला ११ लाख ९३ हजार डॉलर, खेळणं सोडून जमाना झाला तरी. दोघांनीही पैसे लांबवले, फक्त बोनियाच्या बाजूने कोणीतरी दर किती ते विचारलं होतं. तुमच्या मॅनेजरने "फायदा" सांगितला, दर सांगितलाच नाही, आणि तुम्ही विचारला नाहीत. रागावू नका, पण चाळीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलेल्या माणसाने विचारायला हवा होता.

फॉर्मच्या फोटोत एक गंमत आहे. तिसऱ्या पानावर व्यवसायासमोर "नोकरी" आणि वार्षिक उत्पन्न १५ लाख. तुम्ही तेव्हा रिटायर होऊन दोन महिने झाले होते! अक्षर तुमचं नाही, सही तुमची. आणि इन्शुरन्स कंपनीचा पडताळणीचा कॉल आला तेव्हा मॅनेजर "सगळ्याला हो म्हणा सर, फॉर्मॅलिटी असते" म्हणाला, हेही तुम्हीच लिहिलंय. ते पान जपून ठेवा.

परत कशी करायची: बँकेत जाऊ नका, इन्शुरन्स कंपनीच्या ब्रँचला जा. साधं पत्र, पॉलिसी नंबर, "फ्री-लूकमध्ये रद्द करायची आहे, उत्पन्न चुकीचं लिहिलंय, अटी सांगितल्या त्यापेक्षा वेगळ्या निघाल्या", सोबत मूळ पॉलिसी, कॅन्सल्ड चेक. झेरॉक्सवर तारखेसकट शिक्का घ्या, तेच पत्र त्याच दिवशी मेल पण करा. मॅनेजरला कळलं की फोन येईल, "सर दोन दिवस द्या, मी घरी येऊन बघतो." ते दोन दिवस नाहीत, ते तुमचे ११ संपवणं आहे. टाळाटाळ केली तर इन्शुरन्सच्या सरकारी नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार. किरकोळ स्टॅम्प ड्युटी, मेडिकल आणि तेवढ्या दिवसांचं कव्हर कापून चार लाख नव्वदच्या आसपास परत यावेत.

आता ट्रिप. सात लाख जरा सैल आहे. दोघांचं विमान २ लाख ६० धरा (पिट्सबर्गला मुंबईहून थेट नाही), व्हिसा फी माणशी १८५ डॉलर म्हणजे दोघांचे तेहतीस हजार, ट्रॅव्हल इन्शुरन्स तीस हजार, हातखर्च लाख. इन्शुरन्स गाळायचा नाही, मुलाच्या ऑफिसच्या पॉलिसीत आई-वडील येतील असं गृहीत धरू नका, तिथे एक रात्र हॉस्पिटलमध्ये काढली तर मॅचच काय घर आठवेल. नायगाऱ्याच्या टूरचे लाखभर वाचवा, पिट्सबर्गहून गाडीने चारेक तास आहे, मुलगा नेईल.

मॅचच्या पाच तिकिटांना रीसेलवर १४०० डॉलर म्हणताय, म्हणजे सव्वा लाख, डगआउटच्या (मैदानालगत खेळाडू बसतात त्या जागेच्या) मागची. कशाला? हे वानखेडे नाही की आत्ता चुकलं तर गेलं, एकेका टीमच्या घरच्या मैदानावर वर्षाला ८१ मॅच असतात. डॉजर्सची वरच्या मजल्यावरची तिकिटं घ्या, पिट्सबर्गच्या पीएनसी पार्क स्टेडियममध्ये वरून नदी, पूल आणि मागे शहर दिसतं, काकूंना तेच जास्त आवडेल. आणि दुसऱ्या कुठल्या साध्या टीमबरोबरची मॅच जवळून बघा. ओहतानी बॅटिंगला बहुतेक दिसेल, पण बॉल टाकताना दिसेलच असं नाही, पिचर, म्हणजे त्यांचा बॉलर, रोज टाकत नसतो, हे नातवाला माहीत आहे, तुम्हीही मनाची तयारी ठेवा. दोन्ही मॅच मिळून ४५ हजार धरले. एकूण झाले पावणेपाचच्या आत, म्हणजे पॉलिसीचे परत आलेले पैसेच पुरतात, एफडीला हात लावायची पण गरज नाही. पॉलिसीतून ट्रिप निघेल हे मॅनेजर खरंच बोलला म्हणायचा!

फक्त ते स्वस्तातलं नॉन-रिफंडेबल विमान तिकीट आज काढू नका, तुमची बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधली व्हिसा इंटरव्ह्यूची तारीखच अजून आलेली नाही. आधी व्हिसा, मग विमान, मग मॅच. या वर्षी नाही जमलं तर डॉजर्स पुढच्या वर्षी पण येतायत, नातवाला हे मुलाने समजवावं, तुम्ही नाही. आणि मुलगा तिकिटाचे पैसे देतो म्हणतोय ते घ्या हो, "मुलाकडून कसे घ्यायचे" हा प्रश्न ८० लाखांत दोघांचं पुढचं आयुष्य काढणाऱ्याला परवडत नाही. त्यातून वाचतील त्यातले पन्नास-साठ हजार दोघांच्या मेडिक्लेमला टाका, कंपनीचा जानेवारीतच संपला असणार, पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही.

सोमवारी सकाळी ब्रँच उघडली की जा. शिक्क्याचा फोटो मला पाठवा, सीट कुठली घ्यायची ते मग बघू.