हिमोग्लोबिन १०.४, चार महिने गोळ्या, तरी थकवा जात नाही: लोह अडतंय कुठे?

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडून घेऊ. वय ३८, शाळेत शिक्षिका, शाकाहारी. दोन जिने चढले की धाप, दुपारनंतर डोकं जड, रात्री पायांत वळवळ आणि त्यामुळे झोपमोड. फेब्रुवारीत हिमोग्लोबिन १०.४, चार महिन्यांनी १०.६. लोहाची गोळी सकाळी चहा-पोह्यांनंतर, कॅल्शियमच्या गोळीबरोबर. दोन वर्षांपासून रोज उपाशीपोटी पित्ताची गोळी. पाळी आठ दिवस, पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावा लागतो. दिवसाला पाच-सहा कप चहा, "नाहीतर उभं राहवत नाही" म्हणून.

या वर्णनातच बरंचसं उत्तर आहे. पण आधी रिपोर्ट बघा, कारण नुसत्या हिमोग्लोबिनवरून कारण कळत नाही. तुमचा एमसीव्ही ७२ आहे, म्हणजे तांबड्या पेशी लहान (साधारण ८० ते १०० हवा). आरडीडब्ल्यू १८, म्हणजे पेशी लहानमोठ्या. तांबड्या पेशींची संख्या ४.५ (दशलक्षांत). आता ७२ भागिले ४.५ केलं की १६ येतात. हा आकडा १३ च्या खाली असता, तर थॅलेसीमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाची शंका घेऊन एचबी-ए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ची तपासणी आधी करायला हवी होती, कारण त्यात लोह कितीही घेतलं तरी हिमोग्लोबिन हलत नाही. तुमचं चित्र लोहाच्या कमतरतेचं दिसतंय. हा हिशेब फक्त अंदाज देतो. खात्री फेरिटिनने, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या रक्ततपासणीने होते, आणि ते तुमच्या रिपोर्टमध्ये नाही. ते करून घ्या. १५ च्या खाली आलं तर साठा संपलाय हे नक्की, ३० च्या खाली असलं तरी बहुतेक डॉक्टर कमतरता धरतात. ताप किंवा संसर्ग असताना मात्र करू नका, तेव्हा फेरिटिन खोटं वर जातं.

साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. लोह फक्त रक्तात लागतं असं नाही, स्नायूंना आणि प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार व्हायलाही ते लागतं. त्यामुळे हिमोग्लोबिन १२.५ असलेली बाईसुद्धा या कमतरतेने गळून जाऊ शकते, आणि घरचे म्हणतात "रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचं आहे". विसरभोळेपणा, चिडचिड, केस गळणं, पायांतली वळवळ, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटणं, ही सगळी याच यादीतली. पायांची वळवळ झोप मोडते आणि तो थकवा वेगळा वर बसतो.

आता गोळी का लागू पडत नाही ते. चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात. जेवणाबरोबर चहा घेतला तर शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. कॅल्शियम त्याच वेळी पोटात असेल तर तेही आड येतं. पोह्यांत फायटेट असतात, तेही लोहाला अडवतात. शिवाय लोह विरघळायला पोटात आम्ल लागतं, आणि पित्ताची गोळी नेमकं तेच कमी करते. म्हणजे चार अडथळे एकाच वेळी. थकवा म्हणून चहा, चहामुळे लोह नाही, लोह नाही म्हणून परत थकवा, या चक्रात तुम्ही अडकला आहात. यात तुमची चूक नाही. गोळी कशी घ्यायची हे चिठ्ठीवर कुणी लिहूनच देत नाही.

असं करून बघा. सकाळी उठल्यावर काही खाण्याआधी गोळी, अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर. पहिला चहा किमान एका तासाने. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लोहात चार तास हवेत. गोळी रोज घ्यायची की एक दिवसाआड, हे डॉक्टरांना जरूर विचारा. लोहाचा डोस पोटात गेला की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि जवळपास २४ तास पुढच्या लोहाला दार अर्धवट बंद ठेवतं, म्हणून एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं आणि मळमळ, बद्धकोष्ठताही कमी होते. पाकिटावर 'एलिमेंटल आयर्न' किती मिलिग्रॅम ते वाचा, खरा डोस तो. सरकारी दवाखान्यातल्या मोठ्यांच्या गोळीत ते ६० असतं, फेरस अॅस्कॉर्बेटच्या बऱ्याच गोळ्यांत १००. उपाशीपोटी अगदीच सहन होत नसेल तर रात्री जेवणानंतर दोन-अडीच तासांनी झोपताना घ्या. शौचाला काळसर होईल, त्याला घाबरू नका. पित्ताची गोळी मनाने एकदम बंद करू नका, आम्ल उसळी मारतं. ती अजून लागते का, एवढं मात्र स्पष्ट विचारा.

शाकाहारी असणं आणि पित्ताची गोळी, या दोन्हींमुळे बी-१२ सुद्धा कमी असण्याची शक्यता मोठी आहे. तळपायांना मुंग्या, जीभ लाल आणि चरचरणारी असेल तर आणखीच. बी-१२ कमी असलं की पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान. दोन्ही कमी असतील तर सरासरी नॉर्मल दिसते आणि माणूस फसतो. फेरिटिनबरोबर बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एकाच वेळी करून घ्या. साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, लोहाच्या कमतरतेत थोडी जास्त दिसू शकते. फक्त त्यावरून मधुमेहाचा शिक्का मारून घेऊ नका, उपाशीपोटीची साखरही बघा.

बीटाबद्दल विचारलंय. बीट रंगाने लाल आहे, १०० ग्रॅममध्ये लोह जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास. खायचंच तर मोड आलेली मटकी किंवा मूग, वरून लिंबू पिळून, किंवा चिंच-आमसुलाची आमटी लोखंडी कढईत. याने पुढची घट थांबायला मदत होते, रिकामा साठा भरत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं पाळीचं. एक मिली रक्त गेलं की सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. महिन्याला १०० मिली गेलं तर जवळजवळ ५० मिलिग्रॅम गेलं. आहारातून रोज शोषलं जातं एक ते दोन मिलिग्रॅम, त्यातलंही साधारण एक रोजच्या झिजेत संपतं. नळ उघडा ठेवून टाकी भरण्यासारखं आहे हे. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, पोटाची सोनोग्राफी करून घ्या. गाठी आहेत का, अस्तर जाड झालंय का ते कळेल. तांबी बसवली असेल तर तेही सांगा, साध्या तांबीने रक्तस्राव वाढतो. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आणि हार्मोनची तांबी, असे उपाय आहेत. गर्भाशय काढण्याचा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला तर दुसरं मत घ्या.

याच लक्षणांचा पुरुष असता किंवा पाळी गेलेली बाई, तर आधी पोटातला छुपा रक्तस्राव शोधावा लागला असता, विशेषतः रोज वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्यांत.

बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, डांबरासारखी चिकट काळी शौच, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काहीही झालं तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नव्या पद्धतीने गोळी सुरू केल्यावर चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन करा. निदान एक अंकाने वाढायला हवं. वाढलं तर नॉर्मल आल्यावरही आणखी तीन महिने गोळी चालू ठेवा, नाहीतर साठा रिकामाच राहतो. बहुतेकजणी नेमक्या इथे थांबतात आणि वर्षभरात परत तिथेच येतात. अजिबात हललं नाही, तर शिरेतून लोह देण्याबद्दल आणि सिलिअॅकच्या (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होऊन शोषण बिघडवणाऱ्या आजाराच्या) तपासणीबद्दल विचारा. घरात लहान मूल असेल तर या गोळ्या कपाटात कुलपातच ठेवा. रंगीत गोड आवरणामुळे मुलं त्या चॉकलेट समजून खातात, आणि मोठ्यांच्या थोड्याशा गोळ्यांचीही लहान मुलाला जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.