पिल्लांच्या टँकला फिल्टर कोणता? वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. हिवाळ्यात हीटर, पावसाळ्यात अंगावर पांढरे ठिपके येण्याचा रोग, आणि एप्रिलपासून एकच तक्रार, माशांची पिल्लं मरतात. या वेळची पत्रं ब्रीडिंग टँकच्या फिल्टरभोवतीच फिरतात, म्हणून एकत्र घेतो. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी मागच्या खोलीत लोखंडी रॅकवर माझे ब्रीडिंगचे टँक आहेत. खाली सांगतो ते तिथे रोज करतो तेच.

भाऊ, माझा दोन फुटी टँक आहे. गप्पीची मादी व्यायली की पहिल्या दिवशी तीस-चाळीस पिल्लं दिसतात, आणि चार दिवसांत पाच-सहाच उरून राहिली. मागे लटकवायचा फिल्टर आहे. दुकानदार म्हणतो कॅनिस्टर घ्या, पाणी काचेसारखं होईल. घेऊ का? (मानेवाडा)

घेऊ नका. आधी आत्ताचा फिल्टर बंद करून त्याचा कप्पा उघडा आणि टॉर्च मारून बघा. काही पिल्लं तिथे जिवंतही सापडतील. नुकतं जन्मलेलं गप्पीचं पिल्लू जेमतेम 6-7 मिलिमीटरचं असतं, नळीच्या ओढीपुढे त्याचा टिकाव लागत नाही. कॅनिस्टर म्हणजे टँकबाहेर ठेवायचा, मोटरने पाणी ओढणारा बंद डबा, त्याची ओढ तर याहून जास्त. उरलेली पिल्लं आईनेच खाल्ली असणार, तेव्हा मादी व्यायली की तिला लगेच वेगळी काढा.

ब्रीडिंग टँकला मी स्पंज फिल्टरच सांगेन. एअर पंपाचे बुडबुडे नळीतून वर चढतात, सोबत पाणी वर नेतात, आणि त्या जागी नवं पाणी स्पंजच्या भोकांतून हळूहळू आत येतं. ओढ सगळ्या स्पंजभर वाटली जाते, म्हणून पिल्लू त्याला चिकटत नाही. उलट स्पंजवर सूक्ष्म जीवांचा जो थर बसतो तो टिपत पिल्लं दिवसभर तिथेच घुटमळतात. तुमच्या टँकमध्ये पाणी साधारण 50 लिटर. त्यात एक मोठा स्पंज लावण्यापेक्षा दोन मध्यम लावा, त्याचं कारण पुढच्या उत्तरात येईल.

पाणी काचेसारखं दिसणं ही दिवाणखान्यातल्या टँकची गरज. पिल्लांना लागतं ते डोळ्यांना दिसत नाही. घाणीतून होणारी दोन विषं, अमोनिया शून्य हवा, नायट्राइट शून्य हवं. नवाकोरा स्पंज हे काम पहिल्या दिवशी करत नाही. ही विषं पचवणारे जीवाणू त्यात रुजायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणून जोडी लावायच्या महिनाभर आधीच तो तुमच्या मोठ्या माशांच्या टँकमध्ये चालू ठेवा आणि मग पिल्लांकडे न्या. मित्राकडून वापरलेला स्पंज आणायचा असेल तर त्याच्याकडचे मासे निरोगी आहेत याची खात्री करूनच. जीवाणूंबरोबर रोगही येतो.

मी दर रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली अगदी पांढरा होईपर्यंत धुते. तरी पाणी दुधासारखं होतं, मॉलीची पिल्लं वर तोंड करून श्वास घेतात आणि दोन-तीन दिवसांत जातात. एवढी स्वच्छता ठेवूनही काय चुकून राहिलं? (नंदनवन)

ताई, तुमची मेहनत खरी आहे, पण नेमका तोच स्पंज धुऊ नये असा धुतला जातोय. त्याचा तपकिरी रंग नुसता मळ नाही. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं सडून अमोनिया होतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विष, नायट्रेट बरंच सौम्य आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जीवाणू पाण्यात मोकळे फार कमी असतात, स्पंजच्या भोकांत चिकटून राहतात. आपल्या नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं ते क्लोरीन घालून. क्लोरीनचं कामच जीवाणू मारणं आहे. म्हणजे दर रविवारी टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो.

त्यात बोअरचं पाणी वापरत असाल तर आणखी जपा. विष अमोनियाच्या एका रूपात असतं, आणि ते रूप पीएचबरोबर, म्हणजे पाण्याच्या अल्कपणाबरोबर, वाढतं. 25 अंशांना पीएच 7 असेल तर ते एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. पीएच 8 झाला की पाच टक्क्यांहून जास्त. तेवढ्याच घाणीत दहापट विष. पाणी गरम झालं की त्यात आणखी भर पडते. बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात मॉली छान राहते, तिला ते मानवतं. अडचण पाण्याच्या जडपणाची नाही, जीवाणू नसण्याची आहे.

आत्ता लगेच काय करायचं? खाणं निम्म्यावर आणा. पिल्लांना उपाशी ठेवता येत नाही, पण थोडं थोडं घाला आणि तळाशी पडलेलं तासाभरात बारीक नळीने ओढून काढा. स्पंजला हात लावू नका. रोज चौथा हिस्सा पाणी बदला. नवं पाणी बादलीत एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावून रात्रभर ठेवलेलं किंवा पाकिटावरच्या मापाने हायपो (क्लोरीन घालवणारे खडे) घातलेलं. आणि ते सकाळी भरा. नागपुरात एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं, ते थेट टँकमध्ये गेलं तर क्लोरीनच्या आधी उष्णताच पिल्लांना मारेल. अमोनिया मोजायचं थेंबांचं किट घेऊन ठेवा. दुधाळपणा महत्त्वाचा नाही, किटवरचा रंग महत्त्वाचा.

यापुढे स्पंज धुण्याची पद्धत अशी. पाणी बदलताना काढलेलं टँकचंच पाणी बादलीत घ्या. एअर पंप बंद करा, स्पंजवर पिल्लं नाहीत ना ते बघा, मग पाण्यातच त्याच्यावरून पॉलिथिनची पिशवी चढवा आणि पिशवीसकट उचला, म्हणजे आतला गाळ पुन्हा टँकभर पसरत नाही. बादलीत तीन-चार वेळा दाबा. गाळ सुटला की थांबा, स्पंज तपकिरीच राहू द्या. दोन स्पंज सांगतो ते यासाठीच. या पंधरवड्यात एक दाबायचा, पुढच्या पंधरवड्यात दुसरा. दोन्ही एकाच दिवशी कधीच नाही. बुडबुडे व्यवस्थित येत असूनही नळीतून पाणी मंद पडलं तर पंधरा दिवसांची वाट बघू नका.

फायटर (बेटा) माशाच्या जोडीला फिल्टर लावायचा की नाही? सगळे वेगवेगळं सांगतात. (मेडिकल चौक, विद्यार्थी)

अंडी असेपर्यंत नाही. नर पृष्ठभागावर फेसाचं घरटं बांधतो, हललेल्या पाण्यात ते फुटतं. पाण्याची उंची पाच-सहा इंच पुरे. अंडी घातली की मादी काढायची, पिल्लं आडवी पोहायला लागली की नरही काढायचा. त्यानंतर आठवड्याभराने लहान स्पंज, हवा व्हॉल्व्हने इतकी कमी करायची की बुडबुडे मोजता आले पाहिजेत. तोवर रोज थोडं पाणी बारीक नळीने काढून तितकंच, तितक्याच तापमानाचं, थेंब थेंब घालायचं. फायटरला वरची हवा घेण्यासाठी जो खास अवयव असतो तो पिल्लांत तीन-चार आठवड्यांनी तयार होतो. त्या काळात वरून काच झाकलेली असू द्या, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत पिल्लं काढणार असाल तर. रात्रीची आपल्याकडची थंड हवा त्या वयात बाधते.

मे महिन्यात दुपारी चार तास लाइट गेली होती. एंजल माशांची जोडी आणि पिल्लं तोवर ठीक होती. लाइट आल्यावर कॅनिस्टर सुरू झाला आणि रात्रीपर्यंत सगळे गेले. असं कसं? (कोराडी रोड)

वाचून फार वाईट वाटलं. एंजलची जमलेली जोडी पुन्हा मिळायला वर्ष जातं.

कॅनिस्टर हा बंद डबा. पाणी वाहायचं थांबलं की आतले जीवाणू उरलेला प्राणवायू थोड्याच वेळात संपवतात आणि मग मरायला लागतात. आतला गाळ सडू लागतो. लाइट आली की ते सगळं पाणी एका दमात टँकमध्ये येतं. त्यात मे महिना. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 32 अंशांच्या पाण्यात 7.3 च्या आसपास. मासे आधीच काठावर होते. कॅनिस्टर असलेल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा, लाइट तासाभराहून जास्त गेली तर प्लग काढून ठेवा. आल्यावर डबा उघडा, आतलं पाणी फेका, जीवाणू ज्यावर राहतात ते आतलं माध्यम टँकच्या पाण्यात खळबळून घ्या, मगच चालू करा.

स्पंज उघड्या पाण्यात असतो, म्हणून तो हे चार तास सोसतो. सोबत बॅटरीवर चालणारा लहान एअर पंप ठेवला की काळजी नाही. मोबाइलच्या पॉवर बँकवर चालणारे पंपही मिळतात. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत उलट पाणी रोखणारा व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं आणि जमिनीवर ठिबकत राहतं.

उष्णतेसाठी पृष्ठभागावर तिरका लहान पंखा लावा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. कूलरच्या खोलीत हवा दमट असते, तिथे पंख्याचा गुण कमी येतो, पण खोलीच थंड राहते. आटलेलं पाणी मात्र बोअरच्या पाण्याने भरत राहू नका. वाफ होऊन पाणी जातं, क्षार मागेच राहतात, आणि एंजलला मऊ पाणी लागतं. तिथे आरओचं पाणी वापरा.

पुढच्या वेळी अंडी वेगळी काढून उबवणार असाल तर एक सूचना. बुरशीसाठी मिथिलीन ब्लू घालताना स्पंज बाहेर ठेवा. ते औषध फिल्टरच्या जीवाणूंनाही मारतं. अंड्यांजवळ फक्त एअर स्टोन, आईबाप परांनी वारा घालतात तेवढीच हालचाल हवी. दोन-अडीच दिवसांत अंडी फुटतात, त्यानंतर पाच-एक दिवसांनी पिल्लं पोहू लागतात. तोवर रोज पाणी बदलून निळा रंग उतरवा आणि पोहण्याच्या दिवशी रुजलेला स्पंज आत सोडा. पिल्लांच्या खाण्यासाठी आर्टेमियाची (बारीक कोळंबीसारख्या जीवाची) अंडी आदल्या दिवशीच उबायला घाला, त्यांना 24 ते 36 तास लागतात.

एअर पंपाची हवा कमी झाली आहे. नवा घेऊ? फिल्टरमध्ये कार्बन टाकू का? (धरमपेठ)

कार्बन नको. औषध दिल्यावर ते पाण्यातून काढायला त्याचा उपयोग, ब्रीडिंगला गरज नाही.

पंप फेकू नका. बऱ्याच पंपांच्या तळाशी हवा आत घेण्याच्या भोकावर नमद्याचा किंवा फोमचा लहान तुकडा असतो. आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत तो गच्च होतो. तो काढून धुवा, पूर्ण वाळल्यावर बसवा. तरी हवा वाढली नाही तर आतला रबरी पडदा फाटला असेल, तो सुटा मिळतो आणि घरी बदलता येतो.

पंप कुठे ठेवलाय तेही बघा. तो खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. डासांची कॉइल, प्लगमधलं लिक्विड, झुरळांचा स्प्रे यांत बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड वर्गाचं औषध असतं. माणसाला ते फारसं जाणवत नाही, माशांना अगदी थोडंही प्राणघातक ठरतं. माझ्या रॅकच्या खोलीत यातलं काहीही लावत नाही, खिडकीला जाळी बसवली आहे. घरात फवारणी होणार असेल तर टँक झाका आणि पंप दुसऱ्या खोलीत नेऊन लांब नळीने जोडा.